मूरचा शेवटचा बॉन्ड: वय नडलं की जोड उघडे पडले?

प्रश्न थोडक्यात असा: ‘अ व्ह्यू टू अ किल’ (1985) आज पुन्हा पाहिला तर रॉजर मूर पळायला लागला रे लागला, की पळणारा माणूस मूर नाही हे कळतं. यात दोष नटाच्या वयाचा, की सिनेमा करणाऱ्यांचा? आणि साठीकडे झुकलेल्या नटाकडून हेरपटातली पळापळ, हाणामारी पटेल अशी करून घ्यायची असेल तर नेमकं काय करायचं?

दोष करणाऱ्यांचा, आणि त्यातही सगळ्यात जास्त पटकथेचा. कॅमेरा आणि एडिटिंग टेबलावर जे फसलेलं दिसतं, ते बहुतेक पटकथेने पुढे ढकललेलं ओझं होतं.

वय कोणालाच नवीन नव्हतं. मूरचा जन्म 14 ऑक्टोबर 1927 चा, म्हणजे या सिनेमाचं शूटिंग चालू असतानाच त्याला 57 पूर्ण झाली. मुळात तो या भूमिकेत आलाच उशिरा. ‘लिव्ह अँड लेट डाय’ (1973) लागला तेव्हा तो 45 चा होता, आणि ज्याच्या जागी आला त्या शॉन कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा. पहिल्या तीन सिनेमांचा करार संपल्यावर पुढचं काम एकेका सिनेमापुरतं ठरत गेलं. ‘ऑक्टोपसी’च्या (1983) वेळी तर मूरऐवजी अमेरिकन नट जेम्स ब्रोलिनची स्क्रीन टेस्टही घेतली होती. पण त्याच वर्षी कॉनरी दुसऱ्या निर्मात्याकडून ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ घेऊन येतोय म्हटल्यावर बॉन्डपटांचे निर्माते अल्बर्ट ब्रोकोलींनी ओळखीचा चेहरा सोडला नाही. तो हिशेब बरोबर होता. 1985 साली मात्र समोर असा कोणी प्रतिस्पर्धी नव्हता, तरी चेहरा तोच ठेवला, आणि नायक पस्तिशीचा असल्यासारखी कथा लिहिली.

वय लपवायचं की वापरायचं, हे लिहितानाच ठरवावं लागतं. ते ठरवलं नाही की निर्णय सेटवर घ्यावा लागतो, आणि सेटवर वेळ नसला की डुप्लिकेट बोलावला जातो. या सिनेमात नेमकं हेच झालेलं दिसतं.

सुरुवातीचा बर्फातला पाठलाग घ्या. आइसलंडमधली हिमनदी आणि स्वित्झर्लंडचे उतार, स्कीइंगचं चित्रीकरण विली बोग्नरचं, आणि तुटलेल्या स्नोमोबाइलची पट्टी पायाखाली घेऊन बॉन्ड घसरतो तिथे स्नोबोर्डिंगमधला नामांकित खेळाडू टॉम सिम्स. लांबच्या शॉटमध्ये हे सगळं उत्तम चालतं. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, अंगभर पांढरा सूट. माणूस कोण, हा प्रश्नच पडत नाही. मार खातो तो स्टुडिओतला क्लोजअप, मागे पडद्यावर बर्फ पळतोय असा. बर्फावर उजेड खालून उसळून येतो, हनुवटीखाली सावलीच उरत नाही. स्टुडिओत दिवा वरून किंवा समोरून मारला की नाकाखाली, गळ्याखाली सावली पडते, आणि सत्तावन्नाव्या वर्षी गळ्याखालची सावली म्हणजे वयाची पाटीच. शिवाय मागची फिल्म पडद्यावर टाकून पुन्हा शूट केलेली असते, म्हणजे दुसऱ्या पिढीची. तिचं दाणेदारपण आणि कॉन्ट्रास्ट पुढच्या चेहऱ्याशी जुळत नाही. हे टाळायला फार काही लागत नाही. छातीच्या उंचीवर थर्माकोलच्या दोन शीट आडव्या धरून उजेड खालून द्या, समोर पंखा लावा, आणि नटाला गुडघे वाकवून वळणाच्या बाजूला खरोखर झुकायला सांगा. नट ताठ उभा राहून नुसती मान हलवतो तिथे प्रेक्षकाला स्टुडिओ दिसतो. आज मागे एलईडी भिंत असली तरी चूक हीच होते.

पॅरिसचा भाग याच्या उलट शिकवतो. आयफेल टॉवरवरून खलनायकाची साथीदार मे डे पॅराशूट घेऊन उडी मारते ती प्रत्यक्षात स्टंटमन बी. जे. वर्थची उडी, खरीखुरी. त्यानंतर बॉन्ड रेनॉ 11 टॅक्सी पळवतो. तिचं आधी छत जातं, मग मागचा अर्धा भाग. स्टंट ड्रायव्हर रेमी ज्युलियनच्या चमूचं हे काम आहे, आणि अर्धी गाडी पळू शकते कारण इंजिन आणि गाडी ओढणारी चाकं दोन्ही पुढे आहेत. इथे वय आडवं येत नाही, कारण नजर यंत्रावर असते. आडवं येतं ते टॉवरच्या जिन्यांवर. पाठमोरा पळणारा माणूस आणि वळून पाहणारा मूर यांचे खांदे वेगळे, मानेची ठेवण वेगळी, पाऊल टाकायची लय वेगळी. चेहरा न दिसताही माणूस चालीवरून ओळखू येतो. अंधाऱ्या गल्लीत आपल्या घरातला माणूस लांबून ओळखतो, तसाच.

आता या सिनेमातलं चांगलं. गोल्डन गेट पुलावरची शेवटची मारामारी आजही टिकते. पुलाच्या खांबाचे, केबलचे तुकडे पाइनवूड स्टुडिओत उभे केले होते, प्रत्यक्ष पुलावरचं काम स्टंटवाल्यांनी केलं. खलनायक झोरिन झालेला क्रिस्टोफर वॉकेन मूरपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हातात कुऱ्हाड. तरीही विषमता खुपत नाही. त्या गोल, निसरड्या केबलवर विशीतला पोरगाही जपूनच पाऊल टाकेल. हळू हालचाल करायला जागेनेच कारण दिलंय. वयस्क नायकासाठी ॲक्शन लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी ही गोष्ट उचलावी: जागा अशी निवडा की तिथे चपळाई हाच मूर्खपणा ठरेल. कठडा, ओला डेक, अंधारं तळघर, माणसांनी खचाखच भरलेला रेल्वेचा डबा. मोकळं मैदान आणि लांबलचक गच्ची टाळा.

दुसरं चांगलं म्हणजे बॉन्डचा सहकारी टिबेट झालेला पॅट्रिक मॅक्नी. तो मूरपेक्षाही पाच वर्षांनी मोठा. फ्रान्समधल्या शाँतिलीच्या महालात मूर धनी बनतो आणि मॅक्नी त्याचा वैतागलेला नोकर, सामान उचलणारा. त्या प्रसंगांत मूर एकदम तरतरीत दिसतो. बरोबरीचा नट समोर असला की वय पुसलं जातं, कोवळी नायिका समोर ठेवली की तेच वय मोजलं जातं. म्हणून टिबेटचा खून लवकर होतो हे या सिनेमाचं मोठं नुकसान.

आणि नायिका स्टेसीच्या घरातली रात्र. बॉन्ड मारेकऱ्यांना पळवून लावतो, फ्रिजमध्ये जे सापडेल त्याचा कीश (अंड्याचा भाजलेला फ्रेंच पदार्थ) करून वाढतो, तिला झोप लागल्यावर पांघरूण घालतो आणि स्वतः खुर्चीत पहारा देत बसतो. पूर्ण सिनेमात नायकाचं वय आणि वागणं एवढं जुळून आलेलं दुसरीकडे कुठेच नाही. त्यातली गंमत, सभ्यपणा, थोडा बापासारखा जिव्हाळा मूरला सहज जमतो. एवढं हाती आलेलं असताना शेवटी त्याच दोघांना शॉवरखाली उभं केलं. मला विचाराल तर मूरला म्हातारं दाखवलं ते प्रणयदृश्यांनी. स्टंटचा नंबर त्याच्या बराच खाली लागतो.

खाणीतला प्रसंगही नडतो, पण वेगळ्या कारणाने. झोरिन स्वतःच्याच मजुरांवर मशीनगन चालवतो ती हिंसा मूरला स्वतःलाही आवडली नव्हती, आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. वय वाढलं की नटाकडे टायमिंग उरतं, तेच त्याचं भांडवल. मूरचं टायमिंग भुवई आणि कोटीवर उभं. आजूबाजूला प्रेतांचा खच पडल्यावर कोटी करता येत नाही, आणि कोटी काढून घेतली की पडद्यावर नुसता दमलेला गृहस्थ उरतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, प्रत्यक्ष कामाचा.

डुप्लिकेट निवडताना लोक उंची आणि बांधा बघतात. ते हवंच, पण आधी दोघांना वीस फूट चालवून, मग पळवून मोबाइलवर शूट करा, पाठमोरे आणि बाजूने. ज्याची चाल जुळते तो घ्या; इंचभर उंची बुटात भरून काढता येते. चाल पूर्ण जुळणारा मिळणार नाहीच, तेव्हा डुप्लिकेटला दोन-तीन दिवस नटाबरोबर ठेवून त्याची चाल शिकवा. जवान स्टंटमन गुडघे वर उचलून पळतो, साठीचा माणूस पाऊल जमिनीलगत ठेवतो आणि हात कमी हलवतो. टोप बनवायचा तो नटाच्या आजच्या केसांवरून, जुन्या पोस्टरवरून नाही. टाळूवर विरळ असतील तर टोपातही विरळ. कान आणि मान लपवायला कॉलर उभी ठेवा. आणि हात! डुप्लिकेटच्या हाताचा इन्सर्ट (जवळून घेतलेला छोटा शॉट) कधीही वापरू नका. शिरा, डाग, बोटांची पेरं यावरून वय चेहऱ्याआधी कळतं. कठडा पकडणारी मूठ नटाचीच हवी, ती शूट करायला दहा मिनिटं लागतात.

मग शॉट कसे तोडायचे. समजा नायकाला सहा फुटी भिंत ओलांडायची आहे. पहिला शॉट मिड (साधारण कमरेपर्यंतचा), 50 एमएम लेन्सवर: नट चार-पाच पावलं पळतो, हात वर उचलतो आणि फ्रेमच्या बाहेर जातो. दुसरा वाइड, पाठमोरा: डुप्लिकेट भिंतीवर चढतोय. तिसरा इन्सर्ट, नटाची मूठ. चौथा भिंतीच्या पलीकडून: नट फूटभर उंच लाकडी पेटीवरून खाली फ्रेममध्ये उतरतो, वाकलेला, मान खाली, मग उठतो आणि शेवटी चेहरा वर करतो. डुप्लिकेट असा मधे बसतो आणि हालचालीची सुरुवात व शेवट दोन्ही नटाकडे राहतात. कट द्यायचा तो हालचाल साधारण दोन तृतीयांश झाल्यावर. भिंतीच्या माथ्यावर शरीर क्षणभर थांबतं. तिथे कट दिला की प्रेक्षकाला तुलना करायला वेळ मिळतो आणि जोड उघडा पडतो. नवा शॉट दोन-तीन फ्रेम पुढून उचलला तर जोड आणखी घट्ट बसतो. डुप्लिकेटचा शॉट दीड सेकंदाच्या आत आटोपावा. चाल ओळखायला प्रेक्षकाला दोन पावलं लागतात. दुसरं पाऊल पूर्ण पडू देऊ नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते उतरण्याच्या शॉटमध्ये. भिंत ओलांडून आलेल्या माणसाला दम लागलेला हवा, आणि नट नुकताच खुर्चीतून उठून आलेला असतो. टेकच्या आधी अर्धा मिनिट जागेवर जॉगिंग किंवा दहा-बारा उठाबशा, गुडघे दुखत असतील तर भिंतीला टेकून हाताचे जोर. ग्लिसरीन आणि पाणी सारखं घेऊन कपाळावर, मानेवर फवारा. नुसतं पाणी दिव्याखाली दोन मिनिटांत वाळतं. डुप्लिकेटच्या कोटाला जिथे धूळ लागली तिथेच नटाच्या कोटालाही लागली पाहिजे, म्हणून डुप्लिकेटचे शॉट आधी घ्या आणि त्याच्या कपड्यांचे चारही बाजूंनी फोटो ठेवा.

वय उघडं करणाऱ्या काही हालचाली ठरलेल्या असतात. जिना चढताना नाही, उतरताना माणूस पायाकडे बघतो. म्हणून पाठलाग वरच्या दिशेने ठेवा, उतरणं अटळ असेल तर कमरेवर फ्रेम करून पाच-सहा वेळा सावकाश तालीम करा, म्हणजे नजर समोर राहील. जमिनीवरून उठताना हात गुडघ्यावर जातो. बुटक्या स्पोर्ट्स कारमधून बाहेर पडणं तर सगळ्यात वाईट: आधी एक पाय, मग दरवाजाचा आधार, मग हुश्श. तिथे दार उघडण्यावरून थेट दार आपटून उभा असलेल्या नायकावर कट घ्या.

मारामारीत एका शॉटमध्ये तीन, फार तर चार हालचाली. लाथा कमी; कोपर, डोक्याची धडक, हाताशी लागेल ती वस्तू. सगळा खर्च मार खाणाऱ्यावर करा. चांगला फायटर अंगाला बांधलेल्या केबलवर मागे उडाला की मारणाऱ्याचा ठोसा आपोआप वजनदार दिसतो. ठोसे मंद वाटले तर सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमवर शूट करा; वेग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो आणि कळत नाही. 20 च्या खाली गेलात की कपड्यांचा, धुराचा, मागच्या गर्दीचा वेग बोंब मारतो, आणि मूकपटाची आठवण होते. पाऊस किंवा पाणी फ्रेममध्ये असेल तर 22 सुद्धा नको.

क्लोजअपला 75 ते 100 एमएम, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा इंच-दोन इंच वर. नायक मोठा दिसावा म्हणून खालून अँगल लावायची सवय मोडा, गळा दिसतो. की लाइट (मुख्य दिवा) लेन्सच्या जवळ आणि बटर पेपरमधून. वरचा दिवा सुरकुत्या खोदतो. डिफ्यूजन फिल्टर (चित्र मऊ करणारी काच) लावायचा तर सीनमधल्या सगळ्यांना लावा, समोरच्याला एक नंबर हलका. फक्त नायकाच्या क्लोजअपला धुकं आणि नायिकेला लख्ख काच, हे जुन्या सिनेमांत इतक्या वेळा दिसतं की प्रेक्षक आता धुकं दिसलं की वय मोजायला लागतो.

वेळापत्रक कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि तिथेच कामं अडतात. चेहऱ्यावरची सकाळची सूज उतरायला दोनेक तास जातात, जेवणानंतर डोळे थकतात. मधला वेळ क्लोजअपसाठी राखा. ॲक्शनआधी वीस-पंचवीस मिनिटं अंग गरम करणं सक्तीचं. लागोपाठ दोन दिवस ॲक्शन नको, रात्रपाळीनंतरच्या दिवशी तर नकोच. नट स्वतः जी जोखीम घेणार आहे ती शेड्यूलच्या शेवटी ठेवा, म्हणजे पाय मुरगळला तरी बाकी सिनेमा हातात असतो. ‘नो टाइम टू डाय’च्या वेळी मे 2019 मध्ये जमैकात डॅनियल क्रेगच्या घोट्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि शूटिंगची फिरवाफिरव झाली; तेव्हा तो 51 चा होता आणि अंगाने मूरपेक्षा कितीतरी कसलेला. डुप्लिकेटचं अंगही लोखंडाचं नसतं, हेही ध्यानात ठेवा. ‘ऑक्टोपसी’च्या रेल्वे दृश्यात मूरचा डुप्लिकेट मार्टिन ग्रेस रुळांलगतच्या बांधकामाला धडकला आणि कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये राहिला. पुढच्या सिनेमात तो पुन्हा कामावर होता.

क्रेगच्या शेवटच्या बॉन्डचं नाव निघालंच आहे तर फरक बघा. तो सिनेमा (2021) सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो की हा माणूस नोकरी सोडून बसलाय, त्याचा 007 हा क्रमांकही दुसऱ्या कोणाला दिलाय. मग त्याला धाप लागली तरी ती कथेतलीच. शेवटाकडे जिन्यावरची चकमक लांबलचक, न तुटल्यासारखी घेतलीय, आणि तिथे थकवा हाच मुद्दा आहे. याचा अर्थ तिथे डुप्लिकेट नव्हते असा नाही. इटलीतल्या मातेरामधली मोटारसायकलची उडी स्टंट रायडरचीच, आणि गुळगुळीत दगडी रस्त्यावर टायर धरावेत म्हणून हजारो गॅलन कोला ओतावा लागला होता. पण पटकथेने आधी कबुली दिल्यामुळे प्रेक्षक जोड शोधत बसत नाही.

हल्ली डुप्लिकेटच्या जागी नटाचा चेहरा संगणकावर बसवता येतो म्हणून बरेच जण बाकी सगळं सोडून देतात. ते काम एक सेकंदाहून जास्त चेहरा दिसणाऱ्या शॉटपुरतंच ठेवा, खर्चही तिथेच वसूल होतो. डुप्लिकेटच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर ठिपके, त्या जागेच्या उजेडाची नोंद घ्यायला करडा आणि चकचकीत असे दोन्ही गोळे, आणि नंतर नटाचं शूटिंग त्याच लेन्सने, त्याच उंचीवरून. चाल मात्र डुप्लिकेटचीच राहते, तेव्हा वर सांगितलेली चालीची तालीम चुकत नाही.

शेवटचं काम डबिंगचं, आणि हे स्वस्तात होतं म्हणून जरूर करा. डुप्लिकेटच्या शॉटखाली आवाज नटाचा हवा: धाप, कण्हणं, उडीआधी घेतलेला श्वास. नटाला स्टुडिओत उभं राहूनच रेकॉर्ड करा, हातात काहीतरी जड द्या, माइक दीड-दोन फुटांवर ठेवा. मग एकच श्वास नटाच्या शॉटमध्ये सुरू करून डुप्लिकेटच्या शॉटवरून तसाच पुढे नेऊन पुन्हा नटाच्या शॉटमध्ये सोडा. कटच्या जागी आवाज तोडू नका.